कवळीतली फट

तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं आणि तिथेच राहिलं. घरीदारी सगळे तिला प्रश्नपत्रिका म्हणत. हे नाव मामाने ठेवलेलं. ती लहान असताना एकदा त्याने हौसेने तिला मांडीवर घेऊन राजाराणीची गोष्ट सुरू केली. राणी यायच्या आतच पोरीने राजा झोपताना मुकुट कुठे ठेवतो, तो घामाने खराब होतो का, आणि धुवायला कोण देतं, असं विचारून त्याला जेरीस आणलं. मामाने गोष्ट अर्ध्यावर सोडली आणि हे नाव ठेवून वचपा काढला.

अकरावीची परीक्षा संपली त्या दिवशी वर्गशिक्षकांनी फर्मान काढलं. या सुट्टीत प्रत्येकाने कुठेतरी जाऊन प्रत्यक्ष काम शिकायचं, आणि जागा ज्याची त्याने शोधायची. अर्ध्या वर्गाच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही. कुणाचे बाबा बँकेत होते, कुणाची आत्या हॉस्पिटलात, कुणाच्या काकाचा कारखानाच होता. इंटर्नशिप शोधायची म्हणजे घरातल्या मोठ्या माणसाने एक फोन करायचा, एवढंच त्यांना ठाऊक होतं. उरलेला अर्धा वर्ग खिडकीबाहेर बघत बसला.

प्रश्नपत्रिकेच्या घरीही असा फोन होता. मामाचं करसल्लागाराचं ऑफिस होतं आणि घरातलं प्रत्येक पोर एकेक सुट्टी तिथे काढून आलेलं होतं. मोठ्या बहिणीने तिथल्या फायलींना नंबर घातले, पुढच्या वर्षी मावसभावाने ते नंबर बदलले. दोघांनाही मामाने शेवटच्या दिवशी पेन बक्षीस दिलं. मामा माणूस सोन्यासारखा, त्याच्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. पण तिथे ती भाची म्हणून जाणार आणि भाची म्हणूनच परत येणार. एकदा तरी, ओळखपाळख नसलेल्या कुणीतरी आपल्याकडे नीट बघून म्हणावं, की हिला ठेवून घेऊ या, असं तिला फार वाटत होतं. हे तिने आईला सांगितलं. आईने ते ऐकून घेतलं आणि भाजी परतता परतता निकाल दिला.

"रविवारपर्यंत शोध. नाही मिळालं तर सोमवारी मामाकडे. घरात लोळत सुट्टी काढायची नाही."

मग पायपीट सुरू झाली. छापखान्याच्या मालकाने विचारलं, "अनुभव आहे का?" ती म्हणाली, "नाही, तोच घ्यायला आलेय." त्याने आधी अनुभव घेऊन ये म्हणून सांगितलं आणि यात काही चुकतंय असं त्याला अजिबात वाटलं नाही. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या मित्रांची दोन मुलं आधीच मांजराचा एकेक पाय धरून उभी होती. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात तर तिला दारातच अडवलं.

"कुणाकडून आलीस?" पहारेकऱ्याने विचारलं.

"घरून."

"तसं नव्हे गं. कुणी पाठवलं?"

"कुणीच नाही. माझी मीच आले."

पहारेकरी भला होता. त्याने तिला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि थोड्या वेळाने तितक्याच प्रेमाने बाहेरचा रस्ता दाखवला. शनिवारपर्यंत तिची चप्पल झिजली आणि उमेदही. त्यातच मामाचा फोन येऊन गेला. सोमवारपासून ये, एसी नवा बसवलाय, असं तो म्हणाला.

शनिवारी दुपारी ती स्वतःच्या माहितीच्या कागदाच्या आणखी प्रती काढायला झेरॉक्सच्या दुकानात गेली. मशीन तापलं होतं, दुकानदार म्हणाला जरा थांब. शेजारच्या जिन्यावरून गरम मेणाचा वास येत होता. आता थांब म्हटल्यावर थांबणारी असती तर तिला प्रश्नपत्रिका कशाला म्हटलं असतं? ती वासामागे जिना चढून गेली. वरचं दार सताड उघडं होतं आणि आत भिंतभर फळ्यांवर माणसांचे जबडे मांडून ठेवले होते. पांढऱ्या प्लास्टरचे, वरचे, खालचे, काही भरलेले, काही बोडके.

"हे सगळे कुणाचे?" तिने दारातूनच विचारलं.

खिडकीपाशी एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, केस मागे घट्ट बांधलेले, कपाळावर भिंगाचा चष्मा चढवलेला. हातात गुलाबी मेणाची पट्टी आणि समोर छोटा बर्नर. त्यांनी मान वर केली नाही.

"ज्यांचे आहेत ते रस्त्याने हिंडतायत. काय हवंय?"

ती दातांची लॅब होती. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन इथे पाठवत आणि इथे त्याबरहुकूम कवळ्या तयार होत. पण हे तिला नंतर कळलं. त्या क्षणी तिने एका दमात आपली सगळी कर्मकहाणी सांगितली. छापखाना, मांजर, पहारेकरी, मामाचा एसी, सगळं. आणि मध्येमध्ये हे मेण गुलाबीच का, तो जबडा वाकडा का, असंही विचारून घेतलं. बाईंनी एकदाच तिच्या हातांकडे पाहिलं. मग बेसिनवरची साबणाची नवी वडी उचलून तिच्यापुढे धरली.

"यातून स्वतःचा पुढचा दात कोरून आण उद्या. आरशात बघ, काय करायचं ते कर. आणि मला मॅडम म्हणू नकोस, मला वाटतं मागे कुणीतरी उभं आहे. ताई म्हण."

त्या रात्री घरातले सगळे बघत राहिले. पोरगी आरशासमोर ओठ वर करून बसलेली, हातात भाजीची सुरी, मांडीवर साबणाचा कीस. भावाने फोटो काढले. वडिलांनी आईला हळूच विचारलं, की हा अभ्यासक्रमाचा भाग आहे का. आई म्हणाली, "विचारू नका, ती उत्तर देईल."

रविवारी लॅब बंद असते, पण ताई आल्या होत्या. त्यांनी साबणाचा दात उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"हा दात नाही. ही पायरी आहे."

तिचा चेहरा पडला.

"पण मागच्या बाजूला खोलगट केलंयस. ते आरशात दिसत नाही. कसं कळलं?"

"जीभ लावून बघितलं."

ताईंनी तो दात खिडकीत नीट उभा करून ठेवला. मग म्हणाल्या, "अर्धी सुट्टी बघू. जमलं तर पुढची अर्धी. नाही जमलं तर मामा आहेच तुझा."

जिन्यावरून ती उतरली कशी, हे तिलाही आठवत नाही. कुणाकडून आलीस हा प्रश्न त्या बाईंनी विचारलाच नव्हता.

लॅबमध्ये ताईंखेरीज एक पॉलिशवाले दादा होते. ते कोपऱ्यातल्या फिरत्या चाकावर कवळ्या घासत, आणि चाकाच्या आवाजाने कान गेले आहेत असं सांगून नको तेव्हा काही ऐकत नसत. प्रश्नपत्रिकेने आधी नुसतं प्लास्टर कालवलं. पातळ झालं की ओरडा, घट्ट झालं की ओरडा. मग मेण तापवायला शिकली. मग मेणात बसवलेल्या दातांभोवतीची हिरडी गुळगुळीत करायला शिकली. हे काम तिला इतकं आवडलं की घरी जेवताना ती पोळीच्या कडा चमच्याने सारख्या करी. ताई ओरडत, पण सांगत. दात अगदी एकसारखे लावायचे नाहीत, नाहीतर माणूस हसला की बाहुली हसल्यासारखी वाटते, हे तिला ताईंनीच दाखवलं.

अशात एक दिवस एका निवृत्त वकीलसाहेबांची कवळी परत आली. तक्रार अशी, की 'स' म्हटला की शिट्टी वाजते. ताई वैतागल्या.

"केसभर फट राहिली पुढच्या दोन दातांत. हवा निसटते तिथून. आता साहेब 'सकाळ' म्हणतात आणि शेजाऱ्यांचं कुत्रं धावत येतं. फट म्हणजे आपल्या धंद्यातला शत्रू, लक्षात ठेव."

तिने ते डोक्यात पक्कं बसवलं. एवढं पक्कं बसवलं नसतं तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी ताई सामान आणायला बाहेर गेल्या. जाताना तिच्यापुढे एक कवळी ठेवून गेल्या. एका आजींची होती. मेणात दात लावून झाले होते, डॉक्टरांकडे तोंडात घालून बघून झालं होतं. आता फक्त हिरडी साफ करायची आणि दादांकडे द्यायची. दादा मग मेण काढून त्या जागी पक्कं प्लास्टिक भरणार होते. ती कामाला लागली, आणि बघते तर काय, पुढच्या दोन दातांमध्ये चांगली मोठी फट! केसभर कसली, नख जाईल एवढी. ताईंच्या हातून असं?

आता बघा, जी पोरगी राजाच्या मुकुटाची चौकशी करते, तिने त्या वेळी एक फोन करून विचारायला काय हरकत होती? पण विचारलं असतं तर ते नुसतं विचारणं झालं असतं. आपण होऊन चूक पकडली, सुधारली, आणि ताई आल्यावर त्यांनी पाहिली, तर गोष्टच वेगळी. अर्धी सुट्टी संपायला आली होती. तिला राहायचं होतं. जीव तोडून राहायचं होतं. तिने बारीक चमचा गरम केला, मेणात फिरवला, एक दात अलीकडे घेतला, दुसरा पलीकडून सरकवला, शेजारचे त्यांच्या हिशेबाने सारखे केले. काम इतकं सफाईदार झालं की तिला स्वतःचाच अभिमान वाटला. ताईंना यायला उशीर झाला, दादांना घाई होती, आणि कवळी पुढे गेली. दुसऱ्या दिवशी दहा कामं अंगावर आली आणि सांगायचं राहून गेलं.

मग एका सकाळी त्या आजी स्वतःच जिना चढून आल्या. मागच्याच गल्लीत राहत होत्या. डबी टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसून दम खाल्ला.

"दात देखणे आहेत हो ताई," त्या तोंड हाताने झाकत म्हणाल्या. "लग्नाच्या वेळी असे असते तर ह्यांच्यापेक्षा उंच नवरा मिळाला असता. पण मी डॉक्टरांना सांगितलं होतं, माझी फट ठेवा. ते म्हणाले, लॅबला सांगितलंय."

"ठेवली होती मी," ताई म्हणाल्या आणि डबी उघडली. त्यांचा चेहरा बदलला. "कुणी केलं हे?"

दादांना ऐकू आलं नाही. प्रश्नपत्रिकेने हातातला चमचा खाली ठेवला.

"मी, ताई. वकीलसाहेबांचा 'स' वाजत होता ना. मला वाटलं, तुमच्या नजरेतून सुटलं."

"वाटलं तर विचारलं का नाहीस? दिवसभर तुझं तोंड बंद नसतं!"

"विचारलं असतं तर…" ती डबीकडे बघत म्हणाली. "तर मला कळलंय असं तुम्हाला दिसलं नसतं."

ताईंनी कवळी डबीत ठेवली. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "आजचं राहू दे. घरी जा तू," एवढंच त्या म्हणाल्या.

आजी मात्र उठून जाता जाता तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "अगं, फट काही शोभेला नको होती. शिट्टी वाजवते मी त्यातून. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. हे दिवसभर शिलाई मशीनवर. खालच्या दाराला कुलूप. मी बाजारातून आले की शिट्टी घालते, हे पिशवीतून किल्ली खाली सोडतात. लग्न झाल्यापासूनचं आहे आमचं. फोन ह्यांचा कापडाखाली असतो, हाका मशीनपुढे पोचत नाहीत. दात काढल्यापासून मी रस्त्यावर उभी असते, कुणी शेजारी येईपर्यंत."

घरी जाताना ती रडली. काम गेलं म्हणून रडली, आणि ती म्हातारी बाई जड पिशव्या घेऊन बंद दारापुढे उभी आहे, हे डोळ्यांपुढून जाईना म्हणून जास्त रडली. मामाचा एसी आता फार लांब नव्हता. आईने पाण्याचा पेला पुढे केला आणि सगळं ऐकून घेतलं.

"काढून टाकलं का तुला?"

"घरी जा म्हणाल्या."

"आजचं राहू दे म्हणाल्या ना? उद्या येऊ नकोस असं म्हणाल्या का?"

"नाही."

"मग उद्या जा. काढायचं असेल तर तोंडावर सांगू दे त्यांना. आपण होऊन कशाला निघायचं?"

सकाळी ती लॅबमध्ये शिरली तेव्हा ताई त्या आजींच्याच जबड्यावर नवं मेण बसवत होत्या. "उशीर केलास," त्या म्हणाल्या. "सगळी कवळी पुन्हा करायची आहे. मागचे दात मी लावते. पुढचे दोन तू."

"मी?"

"फट बुजवली कुणी?" ताईंनी चष्मा खाली ओढला. "आणि ऐक. मी ठेवलेली फटही अंदाजाने ठेवलेली होती. ती दिसायला ठीक होती, वाजली असती की नाही देव जाणे. जन्मभर शिट्टी वाजू नये म्हणून धडपडले, वाजवायची कशी ते मला कुठे माहीत? जा, आजींना घेऊन ये."

मग लॅबमध्ये अशी एक दुपार गेली की तशी तिथे कधी गेली नव्हती. आजी खुर्चीत, प्रश्नपत्रिका समोर स्टुलावर, ताई मागे हाताची घडी घालून. पोरगी विचारत होती आणि आजी सांगत होत्या. जीभ कुठे टेकायची? दातांच्या मागे. टोक की सगळी? टोक, पण दुमडून. आवाज एकदम यायचा की आधी हवा? ओठ आवळलेले की सैल? आजींनी आयुष्यात या गोष्टीचा विचार केला नव्हता, त्या डोळे मिटून जुनं तोंड आठवायला लागल्या. मेणातली कवळी त्यांनी हळूच तोंडात बसवली आणि फुंकर मारली. नुसती फूस. ती काढून गार पाण्यात बुडवली, दात जरासे जवळ घेतले. पुन्हा फूस. आणखी जवळ. आता सापासारखं काहीतरी. फार जवळ झाले, थोडे मागे. दादांनी चाक बंद केलं आणि कान गेलेला तो माणूस खुर्ची ओढून ऐकायला येऊन बसला.

"एका दाताची कड जरा आत वळलेली होती का, आजी?" तिने मध्येच विचारलं.

आजींनी बोट तोंडाशी नेलं, थबकल्या. "होती गं! डावीकडचा! लहानपणी पडले होते मी."

तिने डावा दात किंचित आत वळवला, मेण गार केलं, कवळी आजींच्या हातात दिली. आजींनी फुंकलं, आणि एक बारीक, कापरी, पण अस्सल शिट्टी लॅबभर फिरली. आजी घाबरून थांबल्या. मग एकदम हसल्या, आणि या वेळी त्यांनी तोंडावर हात धरला नाही. ताई वळून खिडकीपाशी गेल्या आणि उगाच बर्नर लहानमोठा करत राहिल्या.

पक्की कवळी तयार झाली त्या दिवशी प्रश्नपत्रिका आजींबरोबर मागच्या गल्लीत गेली. खरं तर तिला कुणी जा म्हटलं नव्हतं, पण अडवलंही नाही. मेणातलं वाजलं म्हणून प्लास्टिकमधलं वाजेलच असं नव्हे, हे तिला ठाऊक होतं. गल्ली उन्हाने तापली होती. वरच्या खिडकीतून मशीनची खडखड अखंड येत होती. आजींनी बाजाराची पिशवी तिच्या हातात दिली, पदराने ओठ पुसले, मान वर केली.

पहिल्यांदा हवाच गेली. आजींनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "जीभ दुमडा."

दुसरी शिट्टी गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. वर मशीन थांबलं. अर्धवट शिवणीतच थांबलं असणार, कारण लगेच काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला. खिडकीत एक टक्कल दिसलं, गळ्यात मोजपट्टी. आजोबांनी खाली बघितलं, किल्लीची पिशवी हातात घेतली, आणि ती खाली सोडायचीच विसरले.

"अगं, तू आहेस?" ते वरून ओरडले. "मी… थांब, तू थांब तिथेच! मी येतो!"

आणि ते तीन मजले स्वतः उतरून आले, धापा टाकत, मोजपट्टी गळ्यात तशीच. दार आतून उघडलं आणि दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. आजोबांनी नुसती बाजाराची पिशवी घ्यायला हात पुढे केला. पिशवी प्रश्नपत्रिकेच्या हातात होती, ती तिने दिली, आणि आता इथे आपलं काही काम नाही हे ओळखून निघाली.

लॅबचा जिना ती धावत चढली. ताई मागच्या गल्लीकडच्या खिडकीत उभ्या होत्या, हात कोपरापर्यंत प्लास्टरने पांढरे.

"ऐकली," तिने तोंड उघडायच्या आत ताई म्हणाल्या. "पहिली फुकट कशी गेली?"

"घाबरल्या होत्या."

"हं. हात धू. नवा जबडा आलाय, प्लास्टर घट्ट व्हायला लागलंय."

ती हात धुवायला वळली आणि बेसिनपाशीच थांबली. अर्धी सुट्टी कधीच उलटून गेली होती. या सगळ्या गडबडीत तो दिवस आला आणि गेला, आणि तिला राहा किंवा जा असं कुणीच म्हटलं नव्हतं.

"ताई, मग मी राहू ना?"

ताईंनी भिंगाचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि जबडा तिच्याकडे सरकवला.

"इतके दिवस झाले," त्या म्हणाल्या, "आज पहिल्यांदा फालतू प्रश्न विचारलास."